सामाईक प्रतिस्पर्धी

माझ्या तोंडावर किती ठोसे बसले हे मला एका अशा माणसाकडून कळलं, ज्याच्या स्वतःच्या तोंडावर जन्मात एकही बसला नव्हता. तसं त्यानं ते मला सांगितलंही नाही. मी त्याच्यासमोर तिसऱ्या रांगेत बसले होते, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या चादरीवर मी मार खात होते, आणि तो लाकडी पट्टीनं चादरीवरच्या माझ्या नाकावर टकटक करून सगळ्यांना दाखवत होता.

हा गृहस्थ यवतमाळातल्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. आम्ही मुली त्याला आकडेवाले सर म्हणायचो. तोंडावर ‘अहो सर’, मनात ‘तो’. इथं दोन्ही येतील, तोंडावरचं आणि मनातलं.

माझं घर दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर. घरी गोरबोली, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि बॉक्सिंगच्या शेडमध्ये वऱ्हाडी-हिंदीची खिचडी, अशा तीन भाषांत मी वाढले. बारावीनंतर यवतमाळच्या वसतिगृहात आले आणि बॉक्सिंगला लागले. त्यात उदात्त काही नव्हतं. पोलीस भरतीत खेळाडूंना जागा असतात असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि धावण्यात माझा नंबर कधी लागला नव्हता. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमचा सराव चालायचा. जिन बंद पडून जमाना झाला होता, तरी आम्ही दोरीवर उड्या मारायला लागलो की वरच्या पत्र्यावरून जुन्या रुईचा भुगा गळायचा आणि सगळ्या खोकत सुटायच्या. शिकवणारे निवृत्त हवालदार होते. त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. ते कमी बोलायचे, आणि बोलले की बहुतेक शिवीच असायची.

मी चांगली बॉक्सर नव्हते. हात जड, पाय त्याहून जड. एकच गुण होता, मी पडायची नाही. म्हणून माझ्या वजनातली कोणतीही मुलगी शेडमध्ये आली की वस्ताद आधी तिला माझ्यासमोर उभी करायचे आणि म्हणायचे, “हिले हालवून दाखव.” मला त्याचा अभिमान वाटायचा. भिंतीलाही वाटत असेल.

त्या वर्षी जिल्ह्यात आमच्या वजनात दोनच मुली खऱ्या होत्या. एक मारेगावची. बाप टेलर, आई अंगणवाडीत. ठेंगणी, डावखुरी, कुणी दोन शब्द विचारले की घाम फुटणारी. शनिवारी एसटीनं यायची, वसतिगृहात माझ्या खोलीत झोपायची आणि रविवारी परत जायची. मला ताई म्हणायची. दुसरी यवतमाळातल्या एका वकिलाची मुलगी. उंच, लांब हातांची, पांढरेशुभ्र बूट घालणारी. तिच्याबद्दल मला काहीतरी वाईट लिहायला आवडलं असतं, पण मुलगी खरंच चांगली होती. बापावर गेली नव्हती.

दोघींनीही मला हरवलं होतं. वकिलाच्या मुलीनं पुसदच्या स्पर्धेत, आणि मारेगावचीनं त्यानंतर यवतमाळच्या जिल्हा स्पर्धेत, उपांत्य फेरीत. ही फेरी सकाळी झाली. दुपारी त्या दोघींची अंतिम लढत होती आणि जिंकणारी राज्याला जाणार होती. इतकी सरळ गोष्ट होती. पण आमच्याकडे सरळ गोष्ट सरळ झाली तर माणसांना करमत नाही. त्याच हॉलमध्ये संध्याकाळी एका पुढाऱ्याचा सत्कार होता. दुपारीच मंडपवाले शिड्या घेऊन आत आले आणि त्यांनी रिंगच्या खांबांना झेंडूच्या माळा बांधायला सुरुवात केली. एका कोपऱ्यात वकिलाची मुलगी हाताला पट्ट्या गुंडाळून बसलेली, दुसऱ्या कोपऱ्यात मारेगावची, आणि मधे एक माणूस माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करतोय. निवड समितीचे अध्यक्ष प्लायवूडचे व्यापारी होते. त्यांनी येऊन सांगितलं, “फायनल पुढं ढकलली.” आणि स्वतः सत्काराच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पुढं ढकललेली फायनल कुठंच पोचली नाही. भाड्यानं आणलेली रिंग अमरावतीला परत गेली, पंच आपापल्या गावी गेले, आणि राज्याला नाव पाठवायची तारीख तोंडावर आली. तेव्हा अध्यक्षांना कुणीतरी आकडेवाल्या सरांचं नाव सुचवलं.

सरांना बॉक्सिंगचा नाद होता. म्हणजे ते लॅपटॉपवर परदेशी लढती बघायचे. कोणी किती ठोसे टाकले, त्यातले किती लागले, टक्के किती, हे मोजायचे. स्पर्धांना येऊन मोबाइलवर चित्रण करायचे. शेडमध्ये मात्र कधी यायचे नाहीत, कारण त्यांना रुईची अ‍ॅलर्जी होती.

निर्णयाच्या आदल्या दिवशी मी घरी फोन केला आणि वडिलांना सांगितलं की उद्या पंचांची मोजणी आहे. वडील तांड्याचे जुने कारभारी. ते म्हणाले, “बरं झालं पंच बसले. पंचांपुढं खोटं चालत नाही.” मी म्हटलं, हे पंच म्हणजे ते पंच नाहीत, पंच म्हणजे ठोसे. वडील म्हणाले, “ठोसे मोजून न्याय? मग रेफरी कशाला ठेवता, मुनीम ठेवा.” आमच्या त्या सगळ्या प्रकरणात शहाणं असं बोलणं एवढंच झालं, आणि तेही दिग्रसहून फोनवर.

तर ती बैठक. वसतिगृहाच्या भोजनगृहातल्या टेबलावर प्रोजेक्टर, भिंतीवर चादर, पुढं अध्यक्ष आणि समितीचे लोक. वकील मुलीला घेऊन आले होते. मारेगावची माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती. वस्ताद मागं दाराला टेकून उभे होते.

सरांनी घसा साफ केला. “या दोघी एकमेकींशी लढलेल्या नाहीत. पण दोघी एकाच मुलीशी लढल्या आहेत. म्हणजे आपल्याकडे सामाईक प्रतिस्पर्धी आहे. दोन अपूर्णांकांची तुलना करायची तर आपण काय करतो? छेद सारखा करतो. लसावि काढतो. प्रतिस्पर्धी तीच, म्हणजे ती स्थिर. मग फरक उरतो तो फक्त मारणाऱ्यांचा.”

अध्यक्षांनी लसावि समजल्यासारखी मान हलवली. मी खुर्चीत नीट बसले. शाळेत ज्याचा धसका घेतला होता ती वस्तू आपण स्वतःच निघू, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यानं दोन्ही लढती दाखवल्या. पुसदच्या लढतीत वकिलाच्या मुलीचे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, एकामागून एक माझ्या तोंडावर बसत होते. प्रत्येक ठोशाला तो चित्र थांबवायचा, माझं डोकं मागं गेलेलं असायचं, आणि तो म्हणायचा, “हा स्वच्छ.” स्वच्छ! जणू माझं तोंड म्हणजे फरशी. मग उपांत्य लढत आली. तिच्यात मी रिंगभर फिरताना दिसत होते आणि मारेगावचीचे बरेच ठोसे हवेत जात होते. शेवटी त्यानं रंगीत तक्ता दाखवला. वकिलाच्या मुलीचे लागलेले ठोसे मारेगावचीच्या जवळजवळ दुप्पट. टक्केवारीही वरचढ. वकिलांनी पायावर पाय टाकला.

मारेगावची मान खाली घालून नखं कुरतडत होती. मला राहवलं नाही. मी उभी राहिले.

“सर, ते स्थिर म्हणजे मी ना?”

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही कोण?”

“चादरीवरची.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हटलं, “सर, पुसदले मी टायफॉइडमधून उठून गेलती. हात वर राहत नव्हते. त्या दिवशी मले कोणीबी मारलं असतं. तुमीबी.”

“हे तुमचं वैयक्तिक झालं,” तो म्हणाला. “आणि उपांत्य फेरीत?”

“उपांत्य फेरीत मी धडधाकट होती. हिनं पहिल्याच राउंडले माह्या उजव्या बरगडीखाली डाव्या हाताचा आडवा हुक हाणला. मी गार्ड वर नेला का कोपराखालून आत. श्वास बंद झाला माहा. मंग मी लढलीच नाई, पळाली. पळणाऱ्याले किती बसतीन?”

त्यानं चित्र मागं नेलं, पुढं नेलं. ती जागा आली तेव्हा पडद्यावर रेफरीची पाठ होती. पाठीमागून माझं एक खांदा वाकलेलं अर्धं अंग दिसत होतं.

“हा मी धरलेला नाही,” तो म्हणाला. “संपर्क दिसत नाही.”

“मले दिसला ना.”

“डेटामध्ये दिसला पाहिजे.”

पुढं मी खूप वर्षं मुलींना शिकवलं, खूप मूर्ख माणसं पाहिली, पण या वाक्याला मागं टाकणारं वाक्य मला अजून ऐकायला मिळालेलं नाही. जिच्या बरगडीवर बसला ती समोर उभी आहे, आणि हा तिला सांगतो आहे की तुला लागलेलं नाही. त्या ठोशानंतर मला कुशीवर वळता येत नव्हतं. शिंक आली की डोळ्यांतून पाणी यायचं. तो ठोसा सरांच्या तक्त्यात शून्य होता. आणि पुसदला तापातून उठलेल्या, हात गळालेल्या मुलीच्या नाकावर हलकेच टेकवलेले ते ठोसे मात्र स्वच्छ, एकेक मोजलेले.

अध्यक्ष वैतागले. “बाई, दोघीईनंबी तुले धुतलं. तू आता कायले बोलून राह्यली?”

“मीच बोलीन. मार मीच खाल्ला ना,” मी म्हटलं.

यावर ते सगळे हसले. वकील सर्वांत मोठ्यानं हसले. मला तेव्हा फार राग आला होता. आता राग नाही, पण त्या चार-पाच चेहऱ्यांबद्दल मनात जी किळस बसली ती तशीच आहे. एकाचंही नाक कधी फुटलेलं नव्हतं. एकालाही तोंडात रक्ताची चव कशी लागते ते ठाऊक नव्हतं. आणि ते बसले होते दोन मुलींचं वर्षभराचं रक्त टक्क्यांत वाटायला.

नाव ठरलं होतंच. अध्यक्ष उठणार तेवढ्यात वकिलाची मुलगी म्हणाली, “मला असं नाही जायचं.” वडिलांनी तिचा हात ओढला. तिनं सोडवून घेतला. “बाबा, उद्या सगळे म्हणतील हिशेबावर गेली. आमची लढत लावा.”

दारातून वस्ताद म्हणाले, “रविवारी शेडमध्ये लावतो. वणीचा माहा दोस्त रेफरी हाय, परीक्षा पास केलेला. त्याले बोलवतो.”

अध्यक्षांना ते बरंच वाटलं, कारण निर्णयाचं ओझं गेलं. “लावा बापा,” ते म्हणाले, “जे जिंकीन तिचं नाव पाठवतो.”

बाहेर पडताना मी मारेगावचीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “बघ, झाली ना लढत.” ती खांदा सोडवून पुढं चालायला लागली. मला वाटलं, नेहमीसारखीच लाजते आहे.

रविवारी आम्ही शेड झाडून ताडपत्री अंथरली, लोखंडी खांबांना दोर बांधले. सर रुमालानं नाक झाकून आले. दोन मोबाइल स्टँडवर लावले, एक समोरून, एक बाजूनं. मला म्हणाले, “तुमच्या आक्षेपामुळे या वेळी बाजूचा कोनही घेतलाय.” मेहेरबानीच केली माझ्या बरगडीवर.

मला खात्री होती की मारेगावची जिंकणार. मी दोघींचा मार खाल्लेला होता. उंच मुलीचा ठोसा झोंबायचा, ठेंगणीचा आत जायचा. जे झोंबतं ते माणूस विसरतं, जे आत गेलं ते नाही. मी वस्तादांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, “पाहू.”

पहिला राउंड सुरू झाला आणि मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. वकिलाची मुलगी नेहमी दोन्ही हात गालाजवळ उंच धरायची. त्या दिवशी तिचा उजवा कोपर बरगडीला चिकटवल्यासारखा खाली होता. मारेगावचीनं हुक टाकला, तो कोपरावर बसला. परत टाकला, परत कोपरावर. हुक वाया गेला की वकिलाची मुलगी एक पाऊल मागं जायची आणि तिथून सरळ जॅब मारायची. दुसऱ्या राउंडमध्ये मारेगावची चिडली. तिला चिडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती अंगावर धावून जाऊ लागली आणि तोंडावर खाऊ लागली. मी बाहेरून ओरडत होते, “वरून मार, वरून!” पण तिच्या हाताला तो एकच घाव येत होता, आणि तोच रस्ता बंद झाला होता. तिसऱ्या राउंडच्या शेवटी तिच्या नाकातून रक्त आलं. वणीच्या रेफरीनं वकिलाच्या मुलीचा हात वर केला. त्यात काही चूक नव्हती. ती स्वच्छ जिंकली होती, आणि आता हा शब्द मीच वापरते आहे.

सरांचं तोंड तेवढं बघायला हवं होतं. रुमाल खाली आला, अ‍ॅलर्जी पळाली. “बघितलंत? आकडे खोटं बोलत नाहीत,” ते अध्यक्षांना सांगत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी. पण आमच्या कावळ्यानं पुढं फांद्या तोडण्याचे वर्गच काढले. त्यांनी यूट्यूबवर चॅनेल सुरू केलं. त्यातल्या पहिल्या व्हिडिओत मी आहे. माझं तोंड धूसर केलंय आणि खाली लिहिलंय, ‘सामाईक प्रतिस्पर्धी’.

फांदी कशी तुटली ते मला त्याच दुपारी कळलं. वकिलाची मुलगी हाताच्या पट्ट्या सोडत माझ्याजवळ आली आणि अगदी मनापासून म्हणाली, “ताई, थँक्यू हं. तुम्ही त्या दिवशी बरगडीचं बोललात ना, गार्ड वर गेला की कोपराखालून येतो म्हणून. घरी गेल्यापासून मी तेवढंच करत होते. कोपर खाली, कोपर खाली.”

मारेगावची तीन हातांच्या अंतरावर बसून नाकात कापूस घालत होती. तिनं ऐकलं.

मी तिला बसस्थानकावर सोडायला गेले. फलाटावर आम्ही बाकावर बसलो. मी चहा आणला, तो तिनं घेतला नाही. मग म्हणाली, “ताई, तुमी सगळ्याईपुढं काहून सांगितलं?”

“तुह्यासाठीच सांगितलं. तो तुही मेहनत शून्य धरून राह्यलता.”

“धरू द्या लागत होतं. माह्याजवळ तेवढा एकच ठोसा होता.” मग नाकातला कापूस काढून तिनं बाकाखाली टाकला. “मले इचारलं असतं तर मी नाई म्हटलं असतं.”

मी म्हटलं, “मी गप्प राहिली असती तर लढतच झाली नसती. तिचं नाव गेलंच असतं.”

“हो,” ती म्हणाली. “पण मंग मी हरली नसती.”

मारेगाववरून जाणारी वणीची गाडी लागली आणि ती मागं न बघता चढली.

मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. त्या चादरीसमोर मी पुन्हा उभी राहीन आणि पुन्हा तेच बोलेन. पण त्या खोलीत जे लोक आकडे बघत होते त्यांना माझं बोलणं समजलं नाही, आणि जिला तो ठोसा चुकवायचा होता तिलाच ते समजलं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही.

वकिलाची मुलगी राज्याला गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. परत आल्यावर तिनं ते हसत हसत सांगितलं. आता ती नागपुरात वकिली करते. मी भरतीत धावण्यात बाद झाले. झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका आहे. कोलाम आणि गोंड मुली आहेत, पायाला चपळ, मारायला निर्भीड. आकडेवाले सर मध्ये एकदा गाडी करून इथंही आले होते. आदिवासी मुलींच्या ठोशांचा अभ्यास करायचा म्हणाले. तक्त्यांची फाइल सोबत होती. मी म्हटलं, “करा ना सर. आधी ग्लोव्हज घाला आणि आमच्या नववीतल्या मुलीसमोर एक राउंड उभे राहा. सामाईक प्रतिस्पर्धी लागेलच तुम्हाला.” ते म्हणाले, त्यांना चष्मा आहे. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मारेगावची भरती झाली. खेळाडू म्हणून नाही, सरळ मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा देऊन. पांढरकवड्याकडे असते. गेल्या पोळ्याला ती बंदोबस्तासाठी इकडे आली होती. बाजाराच्या तोंडाशी जीपजवळ उभी होती, वर्दीत, पूर्वीपेक्षा भरलेली, गर्दीला मागं सरकवत. आवाज चांगला मोठा झाला होता. मी समोर गेले तेव्हा तिनं लगेच ओळखलं. काठी काखेत धरून हातही मिळवला.

“बऱ्या आहात ना, मॅडम?” ती म्हणाली.